भाराची खानेसुमारी

संगणकयंत्राची प्रकृती कशी काय आहे हे पाहावयाचे असले म्हणजे, ज्यांचा दिवस आणि पुष्कळदा रात्रही यंत्रांच्या सहवासात जाते अशी माणसे प्रथम 'अपटाइम' ही आज्ञा देतात. आणि पडद्यावर जी एकच ओळ उमटते तिच्यातील घड्याळाची वेळ, यंत्र किती दिवस अखंड चालू आहे त्याचा आकडा व हजर वापरकर्त्यांची संख्या यांवर न रेंगाळता ती आपली नजर ओळीच्या टोकाशी असलेल्या तीन दशांश अंकांवर नेऊन स्थिर करतात. या तीन अंकांना लोड ॲव्हरेज म्हणतात. पहिला गेल्या एका मिनिटाचा, दुसरा पाच मिनिटांचा आणि तिसरा पंधरा मिनिटांचा, असे सर्वत्र सांगितले जाते व ढोबळ मानाने ते खरेही आहे. सी भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमने हे तीन अंक कसे वाचावे, एवढाच या पुस्तिकेचा विषय. वाचण्याची क्रिया दोनतीन ओळींत आटोपणारी असल्यामुळे एवढ्याशा विषयाला स्वतंत्र पुस्तिका आणि तिला पुन्हा लांबलचक प्रस्तावना कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, त्या दोनतीन ओळींनी जे हाती येते ते नेमके काय असते हे समजावयास मला स्वतःला काही वर्षे लागली, आणि त्या वर्षांत एकदा माझ्या अज्ञानाची किंमत दुसऱ्या कोणाला तरी मोजावी लागली.

त्या काळी मी एका कचेरीतील यंत्रांची देखभाल करीत असे. रात्री दहानंतर दिवसभराच्या सर्व दफ्तराची प्रत दुसऱ्या यंत्रावर उतरवून ठेवण्याचे काम मी स्वतः लिहिलेल्या एका लहानशा प्रोग्रॅमकडे सोपविले होते, आणि उशिरापर्यंत बसणाऱ्या मंडळींच्या कामात त्याचा व्यत्यय येऊ नये म्हणून त्याला एक अट घालून दिली होती: एका मिनिटाची सरासरी दोनच्या खाली असेल तरच काम सुरू करावे, नसेल तर पाच मिनिटे थांबून पुन्हा पाहावे. एके रात्री, ज्या यंत्रावर सर्वांच्या सामायिक फायली असत आणि जे जाळ्यातून बाकीच्यांशी जोडलेले असे, ते एकाएकी मुके झाले. त्याच्याकडे फाइल मागावयास गेलेली प्रत्येक प्रक्रिया उत्तराची वाट पाहत जागच्या जागी खिळली, आणि दर थोड्या वेळाने आपोआप सुरू होणाऱ्या किरकोळ कामांची तीत भर पडत गेली. पहाटेपर्यंत सरासरी चाळिसाच्या पुढे पोचली. माझा प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी तो अंक वाचीत होता, यंत्र कामाच्या ओझ्याखाली दबले आहे असा निष्कर्ष काढीत होता, आणि मी घालून दिलेल्या अटीप्रमाणे स्वस्थ बसत होता. वस्तुतः प्रोसेसर त्या वेळी जवळजवळ संपूर्ण रिकामा होता, आणि ज्या दफ्तराची प्रत घ्यावयाची ते माझा प्रोग्रॅम ज्या यंत्रावर चालत होता त्याच्या स्वतःच्या डिस्कवर सुखरूप असल्यामुळे प्रत घेण्यास कसलीही आडकाठी नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी नेमक्या त्याच डिस्कने दगा दिला. ज्या बाईंनी आदल्या दिवशी साऱ्या नोंदी टंकल्या होत्या त्यांना कागदांच्या गठ्ठ्यांवरून त्या पुन्हा टंकाव्या लागल्या, आणि जे कागद संबंधितांना परत गेले होते त्यांवरील नोंदी कायमच्या नाहीशा झाल्या.

त्या रात्री यंत्राने दाखविलेला अंक अचूक होता, हे मला मागाहून कळले; आणि हेच मला अधिक लागले. यंत्र चुकले असते तर दोष यंत्रावर टाकून मोकळे होता आले असते. परंतु यंत्राने जे मोजले ते त्याच्या नियमांप्रमाणे बिनचूक मोजले होते, आणि ते काय मोजते याची चौकशी करण्याची तसदी मी कधीच घेतली नव्हती.

तर ते काय मोजते? जुन्या मामलेदार कचेरीचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. एका मेजाशी एक कारकून बसला आहे; एका अर्जदाराचे काम त्याच्यापुढे चालू आहे आणि तिघे बाकावर आपली पाळी येण्याची वाट पाहत आहेत. या क्षणी कचेरीचा भार चार आहे, कारण ज्याचे काम चालू आहे तोही मोजावयाचा आणि जे वाट पाहत आहेत तेही मोजावयाचे. कारकून जलद आहे की मंद, अर्ज दोन ओळींचा आहे की दोनशे पानांचा, याची दखल या गणनेत घेतलीच जात नाही. संगणकात अर्जदाराच्या जागी प्रक्रिया असते आणि कारकुनाच्या जागी प्रोसेसर. धावत असलेल्या आणि धावण्यास सिद्ध असून संधीच्या प्रतीक्षेत असलेल्या प्रक्रियांची जी शिरगणती, तिची काळावर पसरलेली सरासरी म्हणजे लोड ॲव्हरेज. यंत्राने किती श्रम केले हे या अंकावरून कळत नाही; यंत्राकडे किती जणांनी मागणी नोंदविली आहे एवढेच कळते. आणि कचेरीत एकाऐवजी चार कारकून असतील तर भार चार याचा अर्थ प्रत्येकासमोर एक अर्जदार असून बाक रिकामा, असा होतो. म्हणून प्रोसेसरांची संख्या ठाऊक नसताना नुसता भार सांगणे म्हणजे कारकून किती हे न सांगता कचेरीच्या गर्दीची वर्दी देण्यासारखे आहे.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या केंब्रिज येथील बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत पीडीपी-१० यंत्रासाठी 'टेनेक्स' नावाची ऑपरेटिंग सिस्टीम तयार झाली. त्या काळी एकच यंत्र अनेकजण एकाच वेळी वाटून घेत असत, आणि आपल्या वाट्याला किती येईल याचा अंदाज आधीच बांधता यावा ही गरज सर्वांनाच भासत असे. आरपानेट या जाळ्यात जोडलेल्या टेनेक्स यंत्रांचे जुलै १९७३ या महिन्यातील भार ऑगस्ट १९७३ मध्ये एका टिपणात प्रसिद्ध झाले. आरएफसी या मालिकेतील त्या टिपणाचा क्रमांक ५४६. प्रोसेसरकडे असलेली मागणी हाच त्यातही या अंकाचा अर्थ दिलेला आहे. आज ज्या यंत्रासमोर बसून मी हे लिहितो आहे ते त्या पीडीपी-१० पुढे सर्वार्थाने अवाढव्य सामर्थ्याचे आहे, आणि तरीही ते आपला भार त्याच कल्पनेच्या चौकटीत सांगते, हे मला प्रत्येक वेळी विलक्षण वाटते.

आता सरासरीकडे वळू, कारण 'गेल्या एका मिनिटाची सरासरी' हे शब्द जितके सरळ दिसतात तितके ते सरळ नाहीत. एखाद्याला वाटेल की यंत्र मिनिटभरातील सर्व मोजण्या एका वहीत लिहून ठेवीत असेल, त्यांची बेरीज करून भागाकार करीत असेल आणि मिनिट उलटले की जुने पान फाडून टाकीत असेल. तसे होत नाही. वही नसतेच, असते ती केवळ एक शिल्लक. दर सुमारे पाच सेकंदांनी लिनक्सचा कर्नल या शिलकेतून थोडा अंश कमी करतो आणि त्या जागी आत्ताच्या शिरगणतीचा तेवढाच अंश मिळवितो. जुने पूर्णपणे विसरले जात नाही, ते क्रमाक्रमाने फिकट होत जाते, जसा एखाद्या घरात जाळलेल्या उदाचा गंध हळूहळू विरत जातो पण तो नेमका कोणत्या घटकेला संपला हे कोणालाच सांगता येत नाही. याचा परिणाम असा की, स्वस्थ पडलेल्या यंत्रावर एकच अखंड धावणारी प्रक्रिया सोडली आणि बरोबर एक मिनिटाने पहिला अंक पाहिला, तर तेथे १.०० दिसत नाही, ०.६३ च्या आसपास दिसतो. त्याच क्षणी पाच मिनिटांचा अंक ०.१८ आणि पंधरा मिनिटांचा ०.०६ च्या जवळ असतो. प्रक्रिया मिनिटभर अखंड धावली असताना सरासरी एक का नाही, या प्रश्नाने कित्येक विद्यार्थी गोंधळून जातात, आणि आपला प्रोग्रॅमच चुकतो आहे असे समजून निष्कारण त्यात फेरफार करीत बसतात. पहिला अंक एका मिनिटाचा आहे याचा अर्थ, एका मिनिटात जुन्या स्मृतीचा सुमारे ६३ टक्के भाग झडून जातो आणि ३७ टक्के उरतो, एवढाच घ्यावयाचा.

हे गणित कर्नल ज्या रीतीने करतो ती रीत मला इतकी मनोरम वाटते की तिच्याजवळ थोडे थांबण्याची परवानगी मी वाचकाकडे मागतो. कर्नलच्या अंतर्भागात दशांश अपूर्णांकांचा वापर टाळलेला असतो. म्हणून एक या संख्येच्या ठिकाणी २०४८ मानून सर्व हिशेब पूर्णांकांत चालतो, जसा रुपयांऐवजी सारा जमाखर्च पैशांत मांडावा. पाच सेकंदांत एका मिनिटाच्या सरासरीचा जो अंश टिकावयाचा तो २०४८ पैकी १८८४. पाच मिनिटांच्या सरासरीसाठी २०१४ आणि पंधरा मिनिटांसाठी २०३७. हे तीन अंक कर्नलमध्ये तसेच्या तसे लिहून ठेवलेले आहेत. आता शून्य भाराच्या यंत्रावर एक प्रक्रिया धावू लागली असे धरा. पहिल्या नोंदीच्या वेळी जुन्या शिलकेतून काहीच यावयाचे नाही, आणि नव्या गणतीचा वाटा २०४८ वजा १८८४, म्हणजे १६४. शिल्लक १६४, तिला २०४८ ने भागले की ०.०८. पुढल्या नोंदीला या १६४ मधील टिकलेला अंश अधिक नवे १६४, मिळून ३१५, म्हणजे ०.१५. त्यापुढे ४५४, म्हणजे ०.२२. ज्याला कागद-पेन्सिल घेऊन बसण्याचा कंटाळा नाही त्याने बारा नोंदी अशा काढून पाहाव्या. बाराव्या नोंदीला तो ०.६३ पाशी येऊन पोचेल, आणि मग ते सूत्र त्याला कोणी समजावून देण्याची गरज उरणार नाही.

याच पूर्णांकी हिशेबातून एक चमत्कारिक गोष्ट घडून आली होती. काही काळ कर्नलमध्ये प्रत्येक नोंदीचे उत्तर जवळच्या पूर्णांकाकडे नेण्याची पद्धत होती. वरकरणी ती निर्दोष दिसते. परंतु पंधरा मिनिटांच्या सरासरीची शिल्लक उतरत उतरत ९३ वर आली की तिच्यातून वजा व्हावयाचा अंश अर्ध्या एककाहूनही किंचित कमी भरे, आणि जवळच्या पूर्णांकाकडे नेण्याच्या नियमाने उत्तर पुन्हा ९३ च येई. त्यामुळे यंत्रावर रात्रभर एकही काम नसले तरी तिसरा अंक ०.०५ च्या खाली उतरत नसे. त्याच कारणाने दुसरा ०.०१ वर अडून राही, आणि केवळ पहिला ०.०० पर्यंत पोचे. कित्येक व्यवस्थापक ०.००, ०.०१, ०.०५ हे त्रिकूट पाहून कोणती अदृश्य प्रक्रिया आपले यंत्र खाते आहे याचा शोध घेत बसले असतील. २०१६ साली ही उणीव दुरुस्त झाली: भार चढता असेल तर वरच्या पूर्णांकाकडे, उतरता असेल तर खालच्याकडे, असा नवा नियम आला. अपूर्णांकाच्या एका लहानशा कणाने जगभरच्या निवांत यंत्रांवर नसलेल्या कामाचा आळ आणावा, ही गोष्ट हिशेबनीसाच्या कामाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी असे मला वाटते.

आणि आता त्या रात्रीच्या चाळिसाकडे परत येतो. कचेरीच्या चित्रात आणखी एका अर्जदाराची भर घालू: त्याचे प्रकरण कारकुनापुढे आले, पण त्याची जुनी फाइल दफ्तरखान्यातून यावयाची आहे, तो बाकावर बसलेला नाही, त्याला कारकून नको आहे, तो दफ्तरखान्याच्या दाराशी उभा आहे. त्याला मोजावयाचे की नाही? टेनेक्सच्या व्याख्येप्रमाणे नाही, कारण त्याची मागणी प्रोसेसरकडे नाही. लिनक्समध्ये मात्र ऑक्टोबर १९९३ मध्ये मॅथियास उर्लिख्स यांनी सुचविलेल्या बदलाने त्याला मोजण्यास आरंभ झाला. डिस्ककडून काही यावयाचे असते तेव्हा प्रक्रिया एका अशा निद्रेत जाते की सामान्य इशाऱ्यांनी तिला जाग येत नाही. 'पीएस' आज्ञेच्या तक्त्यात तिच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसते. उर्लिख्स यांचा युक्तिवाद असा की, वेगवान स्वॅप-डिस्कच्या जागी संथ डिस्क बसविली तर यंत्र प्रत्यक्षात मंदावते, पण भाराचा अंक मात्र उलट खाली जातो, कारण सारे डिस्कच्या दाराशी खोळंबलेले असतात आणि त्यांची मोजदादच होत नाही. वापरणाऱ्याला जो मंदपणा जाणवतो तो अंकात उतरला पाहिजे. या बदलाचे मूळ पुष्कळ वर्षे विस्मृतीत गेले होते. २०१७ साली ब्रेंडन ग्रेग यांनी जुन्या टपालाचे संग्रह उपसून ते पुन्हा उजेडात आणले.

उर्लिख्स यांचा युक्तिवाद मला आज पटतो. त्या रात्रीनंतर बराच काळ तो मला पटत नव्हता, आणि प्रोसेसरच्या मागणीत डिस्कची मागणी मिसळून त्यांनी अंक गढूळ केला असे मी माझ्या सहकाऱ्यांना तावातावाने सांगत असे. परंतु कचेरीत ताटकळणाऱ्या माणसाला आपण कारकुनासाठी ताटकळतो आहोत की दफ्तरखान्यासाठी याने काय फरक पडतो? त्याचा दिवस दोन्ही प्रकारे जातोच. अंकाने एकूण ताटकळणे सांगावे हे रास्त आहे. फक्त तो वाचणाऱ्याने त्यावरून प्रोसेसर दमला आहे असा निष्कर्ष काढू नये. कर्नलच्या ज्या फाइलमध्ये हे गणित आहे तिच्या आरंभीच्या टिप्पणीत या अंकाला खुळा म्हटले असून लोकांना तो महत्त्वाचा वाटतो अशी पुस्तीही जोडली आहे. त्या फाइलच्या कर्त्यांविषयी मला आदर आहे, पण हा शेरा मला मान्य नाही. अनेक भिन्न प्रकारची प्रतीक्षा एका अंकात गोळा करणे ही उणीव खरी. तथापि काहीतरी बिनसले आहे एवढी पहिली वर्दी इतक्या स्वस्तात देणारे दुसरे साधन मला ठाऊक नाही.

सी भाषेतून हा अंक मिळविण्याची वाट पूर्वी खडतर होती. युनिक्सच्या जुन्या आवृत्त्यांत कर्नलच्या चिन्हांच्या यादीतून 'ॲव्हेनरन' हे नाव शोधावे, त्याचा स्मृतीतील पत्ता काढावा, आणि कर्नलची स्मृती दाखविणारी खास फाइल उघडून त्या पत्त्यावरचे आकडे वाचावे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे; आणि त्यासाठी प्रोग्रॅमला असा अधिकार द्यावा लागे की ज्याच्या बळावर तो भारच काय, कर्नलच्या स्मृतीतील इतरही पुष्कळ काही वाचू शकेल. तीन अंकांसाठी खजिन्याची किल्ली हवाली करण्यासारखाच तो प्रकार होता. १९९० साली ४.३ बीएसडी रेनो या आवृत्तीत 'गेटलोडॲव्हग' हे फंक्शन आले आणि ही वाट राजमार्ग झाली. दुहेरी अचूकतेच्या तीन दशांश संख्या मावतील असा ॲरे त्याला द्यावा, किती अंक हवेत ते सांगावे, आणि किती मिळाले ती संख्या परत घ्यावी. ते सी भाषेच्या मानकातले नाही. म्हणून कंपायलरला काटेकोर मानकाची शिस्त लावली की तो त्याची ओळख दाखवीत नाही, आणि 'डिफॉल्ट सोर्स' हे चिन्ह प्रोग्रॅमच्या शिरोभागी नोंदवावे लागते.

फंक्शन जी संख्या परत देते तिच्याकडे दुर्लक्ष करण्याची सवय मी जितक्या प्रोग्रॅमांत पाहिली आहे तितकी दुसरी कोणतीही नाही, आणि माझ्या स्वतःच्या त्या पहिल्या प्रोग्रॅममध्येही ती होती. अंक मिळू शकले नाहीत तर ती संख्या उणे एक येते, आणि ॲरेमध्ये आधीपासून जो केरकचरा पडलेला असेल तोच तेथे राहतो. तो कचरा भार समजून पुढचे निर्णय होतात. अंक न मिळण्याचा प्रसंग दुर्मिळ आहे असे कोणी म्हणेल. ग्लिबसी या ग्रंथालयात हे फंक्शन 'प्रॉक' या निर्देशिकेतील 'लोडॲव्हग' नावाची फाइल उघडून अंक वाचते, आणि जेथे 'प्रॉक' जोडलेलीच नाही अशा बंदिस्त वातावरणात प्रोग्रॅम चालविला की उणे एक हमखास येते. मसल या दुसऱ्या ग्रंथालयात मात्र तेच फंक्शन 'सिसइन्फो' ही कर्नलची सेवा वापरते, तेव्हा तोच प्रोग्रॅम त्याच बंदिस्त वातावरणात सुखाने अंक दाखवितो. म्हणून माझ्याकडे तर चालते, हा कोणाचाही दाखला या बाबतीत पुरेसा मानू नये.

ज्यांना ती फाइल स्वतःच उघडून वाचावयाची हौस असते त्यांच्यासाठी एक इशारा. तिच्यात एकच ओळ असते, उदाहरणार्थ ०.०८ ०.०२ ०.०१ २/२१४ ४७११. पहिले तीन भार. मग या क्षणी धावण्यास सिद्ध असलेल्यांची संख्या, तिरकी रेघ आणि एकूण संख्या. शेवटी सर्वांत अलीकडे जन्मलेल्या प्रक्रियेचा क्रमांक. हे अंक दशांश बिंदूने लिहिलेले असतात. परंतु जर्मनीत दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात, आणि प्रोग्रॅमने आरंभी 'सेटलोकेल' हाक मारून त्या देशाची रीत स्वीकारली असेल, तर नेहमीची वाचनपद्धती ०.०८ मधील शून्य वाचून बिंदूपाशी थबकते. भार शून्य आला असे प्रोग्रॅमला वाटते, आणि कोठेही तक्रार उमटत नाही. ग्लिबसीच्या कर्त्यांनी हे ओळखून आपल्या फंक्शनमध्ये अंक वाचताना मूळ सी रीतच धरली आहे; आपण स्वतः वाचू लागलो तर ती जबाबदारी आपली. 'सिसइन्फो' थेट वापरणाऱ्यांसाठी दुसरा इशारा: तेथे एकच्या ठिकाणी ६५५३६ मानलेले असतात, त्यामुळे दीड भार ९८३०४ असा दिसतो, आणि नवख्याचे काळीज क्षणभर हलते.

आणखी काही बाबी त्वरेने सांगतो, कारण त्यांचा विस्तार पुढील प्रकरणांत आहेच. कर्नल हिशेब पाच सेकंदांनी करतो, म्हणून दर सेकंदाला अंक विचारणारा प्रोग्रॅम एकच उत्तर पुनःपुन्हा ऐकत असतो. प्रोसेसरांची संख्या 'सिसकॉन्फ' देते आणि भार तिच्याशी ताडून पाहिल्यावाचून उपयोगी नाही. कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला सामान्यतः सबंध यंत्राचा भार दिसतो, त्याच्या स्वतःच्या कोठडीचा नव्हे. भाडेकरूने आपल्या खोलीची गर्दी म्हणून सबंध वाड्याची गर्दी सांगावी तसे हे होते. या अंकावर विसंबून चालणारे जुने प्रोग्रॅम अनेक आहेत. 'बॅच' ही आज्ञा भार ठरावीक मर्यादेच्या खाली येईपर्यंत काम रोखून धरते. 'मेक' ला भाराची मर्यादा सांगितली की तो नवी कामे काढणे थांबवितो. 'सेंडमेल' भार फार वाढला की नवे टपाल स्वीकारण्यास नकार देतो. २०१८ च्या अखेरीस लिनक्सच्या ४.२० आवृत्तीत 'प्रेशर' नावाची नवी मापने आली. प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क यांसाठी किती टक्के काळ कामे खोळंबली हे ती निरनिराळे सांगतात. ती जुन्या अंकापेक्षा सूक्ष्म आहेत, आणि नव्या यंत्रांवर काम करणाऱ्याने ती अवश्य शिकावी. पण जुना अंक अद्याप प्रत्येक पडद्यावर आहे, आणि पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो.

ही पुस्तिका मराठीत लिहिण्याचे कारण भाषाभिमान एवढेच नाही. पुण्यामुंबईच्या कितीतरी मुलामुलींचा रोजगार आज दूरदेशींची यंत्रे रात्री जागून राखण्यावर चालतो. हे अंक ती मुले रोज पाहतात, त्यांवरून तक्रारी नोंदवितात आणि त्यांवरून त्यांना जाबही विचारला जातो. परंतु ज्या भाषेत ती आपसांत बोलतात आणि शंका काढतात त्या भाषेत या अंकांचा अर्थ कोणी बसून सांगितलेला माझ्या पाहण्यात नाही. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत मी हट्ट धरलेला नाही. जेथे 'प्रक्रिया' सहज येते तेथे ती घेतली, आणि जेथे सारे 'कर्नल' म्हणतात तेथे कर्नलच ठेवला.

शेवटच्या प्रकरणात जो प्रोग्रॅम दिला आहे तो त्या रात्रीच्या प्रोग्रॅमचीच दुरुस्त आवृत्ती आहे. तो भार वाचतो, परत आलेली संख्या तपासतो, भार प्रोसेसरांच्या संख्येशी ताडतो. आणि भार मर्यादेबाहेर असेल तर थांबण्यापूर्वी 'प्रॉक' मधील प्रत्येक प्रक्रियेची 'स्टॅट' फाइल उघडून 'डी' अवस्थेत किती जणी आहेत ते मोजतो. या फाइलमध्ये अवस्थेचे अक्षर तिसऱ्या स्थानी असते, पण दुसऱ्या स्थानी कंसात लिहिलेले प्रक्रियेचे नाव स्वतःच मोकळी जागा किंवा कंस धारण करू शकते; म्हणून नुसते शब्द मोजत न जाता ओळीतील शेवटचा बंद कंस शोधून त्यापुढचे अक्षर वाचावे लागते, आणि त्या एका ओळीसाठी मी पूर्ण पान खर्चिले आहे. भार उंच, 'डी' वाल्या पुष्कळ आणि आपल्या डिस्कवर ताण नाही असे दिसले, तर तो प्रत घेण्यास आरंभ करतो, आणि दफ्तरखान्याच्या दाराशी इतकेजण खोळंबले आहेत अशी एक ओळ रोजनाम्यात लिहून ठेवतो. किरकोळ फेरफारांनिशी तो आजही एका कचेरीत दररोज रात्री दहा वाजता सुरू होतो.